हिप्परग्याच्या बांधावरून: धुक्याच्या छायाचित्रणाच्या नोंदी

२७ सप्टेंबर

आजपासून ही वही सुरू करीत आहे. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे सोलापूरहून तुळजापूर रस्त्याने जाताना हिप्परग्याचा तलाव धुक्यात पूर्ण बुडालेला दिसला. मी गाडी थांबवून चाळीसेक छायाचित्रे घेतली, आणि घरी येऊन पाहिली तेव्हा डोळ्यांनी पाहिलेले उजळ, पांढरे धुके त्यांतील एकाही चित्रात नव्हते. होता तो केवळ मळकट करडा पडदा. ते असे का झाले हे मला समजून घ्यायचे आहे, आणि त्यासाठी कॅमेऱ्याइतकेच धुके समजून घ्यावे लागेल, असे माझे मत झाले आहे.

योजना साधी आहे. फेब्रुवारीपर्यंत जमेल तितक्या पहाटे एकाच जागी उभे राहायचे, एकच चौकट घ्यायची आणि त्या वेळचे हवामान लिहून ठेवायचे. जागा म्हणून हिप्परग्याच्या, म्हणजे एकरुख तलावाच्या बांधाची निवड केली आहे. १८७१ मध्ये पूर्ण झालेला हा तलाव शहरापासून जवळ आहे, त्याच्या एका अंगाला पाणी आहे, दुसऱ्या अंगाला काळी रानेही आहेत, आणि बांधाच्या उंचीवरून दोन्ही बाजू एका नजरेत येतात.

बरोबर दोन साधे तापमापक ठेवले आहेत. एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून ती पाण्यात भिजवली आहे. हवा कोरडी असेल तितके त्या पट्टीतले पाणी अधिक उडते आणि ओला तापमापक अधिक खाली उतरतो. दोन्हींचे आकडे एक झाले की हवा बाष्पाने पूर्ण भरली असे समजायचे. या दोन आकड्यांवरून दवबिंदू तापमान काढता येते, म्हणजे हवा किती थंड झाली असता तिच्यातले बाष्प पाणी होऊ लागेल तो अंश.

६ ऑक्टोबर

आजचा दिवस मोजमापात गेला. हवामानशास्त्रात दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली तरच त्याला धुके म्हणतात. त्यापेक्षा दूरचे दिसत असेल तर ते विरळ धुके, आपल्या बोलण्यातली झाकळ. हा भेद डोळ्यांच्या अंदाजावर सोडायचा नसेल तर चौकटीत ठरावीक अंतरावरच्या वस्तू हव्यात. माझ्या चौकटीत चार वस्तू सापडल्या: ६० मीटरवर पाण्याच्या कडेची बाभूळ, १८० मीटरवर विहिरीजवळची चिंच, ४०० मीटरवर विजेचा खांब आणि साधारण ११०० मीटरवर गावाची पाण्याची टाकी. टाकी दिसेनाशी झाली की धुके पडले, असा नियम केला.

१४ ऑक्टोबर

पहिले धुके आज मिळाले, आणि तेही ज्या दिवशी मला त्याची मुळीच अपेक्षा नव्हती त्या दिवशी.

परवा आणि काल दुपारी परतीच्या पावसाच्या दोन जोरदार सरी झाल्या. सोलापूरला पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये आणि त्याच्या आगेमागे पडतो, त्यामुळे रान अजून चिखलाचे होते. काल सायंकाळी आभाळ अचानक स्वच्छ झाले आणि वारा पडला. पहाटे साडेपाचला बांधावर पोहोचले तेव्हा दोन्ही तापमापक २० अंशांवर होते. वीस अंशांना आपण थंडी म्हणत नाही. मी शालसुद्धा घेतली नव्हती. तरीही चिंच दिसत नव्हती आणि बाभूळ पाण्यात सोडलेल्या शाईच्या डागासारखी पसरट दिसत होती.

स्वच्छ, निवांत रात्री जमीन आपली उष्णता अदृश्य प्रारणाच्या रूपाने आकाशात टाकीत राहते. ढग असते तर त्यातली बरीच उष्णता त्यांनी परत खाली पाठवली असती. आभाळ मोकळे असल्यामुळे तसे घडत नाही. जमीन निवते, तिला टेकलेली हवा निवते, आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. एरवी हवेत वर जावे तसे तापमान उतरते, येथे उलटे होते, म्हणून याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. आज तो डोळ्यांना दिसला: गावातल्या चुलींचा धूर काही अंतर सरळ वर गेला आणि छताला अडल्यासारखा आडवा पसरला. त्या छताखाली कोंडलेली थंड, ओली हवा दवबिंदूपर्यंत उतरली की धुके तयार होते. आपल्याकडचे बहुतेक धुके या प्रकारचे आहे. त्याला प्रारण धुके म्हणतात. ते कोठून वाहत येत नाही. उभ्या जागी तयार होते.

छायाचित्रे मात्र पुन्हा बिघडली. स्वयंचलित फोकस समोर पकडण्याजोगी रेघ न मिळाल्याने मागे-पुढे फिरत राहिला, आणि मी हाताने फोकस करायला लागेपर्यंत उत्तम प्रकाशाची दहा मिनिटे निघून गेली होती.

१५ ऑक्टोबर

कालची चित्रे हिस्टोग्रामसह, म्हणजे चित्रातल्या काळ्यापासून (डावीकडे) पांढऱ्यापर्यंतच्या (उजवीकडे) छटांच्या आलेखासह, तपासली. करडेपणाचे कारण सापडले. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. कापसाच्या पांढऱ्या गंजीचे चित्र जसे मळकट येते, तसेच धुक्याचेही येते. कारण मापकाला पांढरे हे पांढरे आहे हे कळत नाही. यापुढे मापक सांगेल त्याहून एक ते सव्वा स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), आणि हिस्टोग्रामचा डोंगर उजवीकडे न्यायचा, पण उजव्या भिंतीला टेकू द्यायचा नाही.

रंगाचेही असेच आहे. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा करतो त्या रंगदुरुस्तीने, पहाटेची निळी छटा पुसून टाकली होती. आता तो ५,३०० केल्व्हिनवर स्थिर ठेवून चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याच्या दुरुस्त्यांशिवाय, घेणार आहे, म्हणजे साडेपाचचा निळा आणि साडेसहाचा पिवळसर यांतला फरक चित्रांत राहील. धुके पुसून टाकणारी डीहेझची पट्टी संपादनात कधीही वापरायची नाही, हेही येथे लिहून ठेवते. ज्याचे चित्र घ्यायला गेलो तेच काढून टाकण्यात अर्थ नाही.

१९ नोव्हेंबर

धुके नाही, दव मात्र भरपूर. हवा इतकी स्तब्ध होती की मी दगडाच्या खाचेत लावलेल्या उदबत्तीचा धूर बराच वेळ दोऱ्यासारखा सरळ उभा राहिला. दोन्ही तापमापकांत अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. मग धुके का झाले नाही, या प्रश्नावर दिवसभर वाचन केले.

वारा पूर्ण पडला तर थंडावा जमिनीलगतच्या अगदी पातळ थरात अडकून राहतो. त्या थरातले बाष्प गवतावर आणि पानांवर दव होऊन बसते, आणि त्याच्या वरची हवा कोरडीच राहते. उलट वारा जोराचा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळून सगळे विस्कटते. धुक्याला मधली स्थिती लागते: सेकंदाला एक-दोन मीटरची हलकी झुळूक, जी थंडावा हळूहळू वर चढवील पण व्युत्क्रम मोडणार नाही. उदबत्तीचा धूर किंचित कलला पाहिजे. हे इतके नाजूक गणित असल्यामुळेच धुक्याचा अंदाज अवघड जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने याच अडचणीसाठी २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याच्या सविस्तर निरीक्षणांची मोहीम चालवली आहे.

परत येताना हरभऱ्याच्या रानात एक मावशी रात्री झाडांवर अंथरलेले पांढरे कापड पिळून भांड्यात आंब काढताना पाहिल्या. हरभऱ्याच्या पानांवरचा आंबट अंश दवात उतरतो आणि ते पाणी पोटाच्या तक्रारींवर घरोघरी वापरले जाते. दव गोळा करण्याची ही रीत माझ्या आजीलाही ठाऊक होती. त्यांच्या परवानगीने हातांचे आणि कापडाचे एक चित्र घेतले. चौकटीबाहेरचे असले तरी या प्रकल्पात ते ठेवणार आहे.

१४ डिसेंबर

या मोसमातली आतापर्यंतची सर्वांत थंड पहाट. कोरडा तापमापक साडेअकरा अंश, ओला आठ. बोटे आखडत होती, श्वासाची वाफ दिसत होती, आणि पाण्याची टाकी तिच्या शिडीसकट स्पष्ट दिसत होती.

थंडी पडली की धुके पडते, ही समजूत माझ्या मनातही पक्की होती. आजच्या नोंदीने ती मोडली. आकडे मांडले तर चित्र स्पष्ट होते. आजचे दवबिंदू तापमान सुमारे ५ अंश निघते, म्हणजे हवा आणखी सहा-साडेसहा अंश निवली असती तेव्हा कोठे धुक्याची वेळ आली असती. ऑक्टोबरच्या त्या पहाटे २० अंशांवरची हवा तुडुंब भरली होती. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांना सुमारे साडेनऊ ग्रॅम. थंडी हे भांडे लहान करते, पण भांड्यात मुळात पाणीच थोडे असेल तर ते कितीही लहान केले तरी सांडत नाही. आपल्याकडे डिसेंबरात वारे ईशान्येकडून, जमिनीवरून कोरडे येतात आणि काळी माती भेगाळू लागलेली असते. सोलापूरचे धुके थंडीपेक्षा ओलीवर अधिक अवलंबून आहे, असे आता मला वाटते. पुढच्या नोंदींनी हे खोटे ठरवले तर तेही लिहीन.

२३ डिसेंबर

बांधाखालच्या रानात गहू आणि ज्वारी आहे. तेथल्या आजोबांची गेल्या महिन्यापासून ओळख झाली आहे. काल संध्याकाळी तापमापक पाहून मी उद्या काही मिळणार नाही असे म्हटले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, गव्हाला पाणी दिलंय दोन दिस. वारं पडलंय. उद्या या तुम्ही, धुई उतरंल.”

आज पहाटे धुई उतरली होती, आणि ती केवळ त्यांच्या ओल्या गव्हावर होती. गुडघ्याइतक्या उंचीचा पांढरा थर गव्हावर पसरला होता, आणि शेजारच्या कोरडवाहू ज्वारीच्या बांधाशी तो सुरीने कापल्यासारखा संपत होता. एकच आभाळ, एकच रात्र, एकच वारा; फरक केवळ जमिनीतल्या ओलीचा. १४ तारखेला जे आकड्यांवरून लिहिले होते, ते आज एका चित्रात आले. चित्र बांधावरून घेतले नाही. रानात उतरून, ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून कॅमेरा थराच्या उंचीवर आणला, आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने अंतर दाबून तो कडेचा भाग पकडला. या मोसमातले हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे चित्र आहे.

आजोबांना ते दाखवले. त्यांना चित्रापेक्षा त्यातल्या ज्वारीची काळजी जास्त होती. धुई राहिली की मावा पडतो आणि ताटावर चिकटा येतो, असे त्यांनी सांगितले. द्राक्षबागायतदारांनाही अशी सकाळ नको असते, कारण पाने फार वेळ ओली राहिली की केवडा रोगाला वाट मिळते. मी ज्या सकाळची वाट पाहते तिला घाबरणारी माणसे माझ्या चौकटीतच राहतात, हे विसरता कामा नये.

२८ डिसेंबर

तलावावर वाफ. हे धुके वेगळ्या जातीचे: पाण्याने दिवसाची ऊब धरून ठेवलेली असते, त्यावर थंड हवा सरकली की पाण्यातून उठलेले उबदार बाष्प लगेच गोठल्यासारखे पांढरे होते आणि हातभर वर जाऊन विरते. ही वाफ सतत हलते. एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये ती गुळगुळीत दुलई झाली, आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागात तिचे वेगवेगळे धागे दिसले. मला धागे हवे होते. दुलई सुंदर असली तरी काय घडत आहे ते ती सांगत नाही.

एक चूक नोंदवते. कॅमेरा उघड्या आभाळाखाली अर्धा तास ट्रायपॉडवर उभा ठेवला होता. रान निवते तशीच लेन्सची काचही आकाशाला उष्णता देऊन निवते. ती दवबिंदूखाली गेली आणि तिच्यावर दव बसले. शेवटची अकरा चित्रे त्यामुळे वाया गेली. यापुढे दोन चित्रांच्या मधल्या वेळात लेन्सवर हूड आणि त्यावर सुती टॉवेल.

५ जानेवारी

मोसमातले सर्वांत दाट धुके. गेले तीन दिवस ढगाळ होते, अवेळी शिडकावा झाला, आणि काल रात्री नऊनंतर आभाळ मोकळे झाले. ऑक्टोबरची स्थिती परत आली होती, फक्त रात्र आता १३ तासांची होती.

येताना महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या. त्यांच्या मागे लाल पट्ट्या नव्हत्या आणि पुढची ट्रॉली वीस पावलांवर आल्याशिवाय दिसत नव्हती. मोठा दिवा लावला तर थेंबांवरून परतलेला प्रकाश डोळ्यांत येऊन आणखी आंधळे व्हायला होते, म्हणून खालचा झोत ठेवून अगदी हळू आले. रस्त्याच्या कडेला उभे राहून चित्र घ्यायचे नाही, हा नियम आज कायमचा केला.

सूर्य सातच्या सुमारास उगवला आणि धुके विरण्याऐवजी वाढले. पावणेसातला चिंच दिसत होती. सव्वासातला तीही गेली. हे मी आधी वाचले नसते तर माझा विश्वास बसला नसता. पहिले ऊन गवतावरचे दव उडवते, ते बाष्प पुन्हा त्याच थंड थरात जाते, आणि नुकतीच सुरू झालेली हालचाल धुके ढवळून वर चढवते. जमीन पुरेशी तापल्यावरच ते खालून आणि कडांकडून विरू लागते. माझ्या नोंदींत उत्तम प्रकाशाचा काळ सूर्योदयानंतरच्या पंचवीस ते साठ मिनिटांत आला आहे. काळोखात येऊन सूर्योदयाला निघून जाणे ही पहिल्या महिन्यातली माझी मोठी चूक होती.

त्या पंचवीस मिनिटांनंतर सूर्य बाभळीच्या मागे आला. धुक्याचे थेंब १० ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश बहुतांशी पुढच्याच दिशेला विखुरला जातो. त्यामुळे सूर्य समोर असताना धुके पेटल्यासारखे उजळते, आणि पाठीशी असताना सपाट भिंत होते. बाभळीच्या प्रत्येक फांदीने धुक्यात आपली सावली लांबवली होती आणि फांद्यांच्या मधून किरणांचे पट्टे उतरत होते. सवा स्टॉप जास्त देऊन नऊ चित्रे घेतली. त्यांतली चार ठेवीन.

नंतर सहज मागे वळले तर तलावावरच्या धुक्यात रुंद, पांढरी कमान उभी होती. धुक्यातले इंद्रधनुष्य! थेंब इतके बारीक असतात की रंगांच्या पट्ट्या विवर्तनाने, म्हणजे बारीक थेंबांशी प्रकाश पसरल्याने, रुंदावून एकमेकींवर चढतात आणि सगळे मिळून पांढरे दिसते. बाहेरच्या कडेला पुसट तांबूस छटा तेवढी उरते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र, ज्याची नोंद कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ मध्ये केल्याचे आपण ऐकत आलो आहोत, तेही अशाच बारीक थेंबांचे काम. ते मात्र स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती लहान, रंगीत कड्यासारखे दिसते. कमान सहा मिनिटे टिकली. रुंद लेन्स गाडीत राहिली होती, म्हणून तीन उभी चित्रे जोडून घ्यावी लागणार आहेत.

सायंकाळी हिशेब केला. हॅराल्ड कोश्मीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे काळ्या वस्तूचा धुक्याशी असलेला उठाव, म्हणजे दोघांच्या छटांतला फरक, अंतरागणिक ठरावीक प्रमाणात घटत जातो, आणि तो दोन टक्क्यांवर आला की वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते. दृश्यमानता ५०० मीटर असेल तर ६० मीटरवरच्या बाभळीत सुमारे ६३ टक्के उठाव उरतो, १८० मीटरवरच्या चिंचेत २४ टक्के, आणि ४०० मीटरवरच्या खांबात केवळ ४ टक्के. रॉ चित्रांतल्या छटा मोजून हे प्रमाण मी आज पहाटेच्या चित्रांशी ताडले. पावणेसातच्या चित्रावरून दृश्यमानता साधारण ३०० मीटर निघाली. धुक्याच्या चित्रात जी खोली वाटते ती याच घटत्या उठावातून येते. म्हणून जवळची एक काळी वस्तू चौकटीत असलीच पाहिजे. ती नसेल तर डोळ्याला मोजायला सुरुवातच मिळत नाही, आणि माझी गेल्या वर्षीची चाळीस चित्रे या कारणानेही पडली.

आणखी एक हिशेब, केवळ कुतूहलापोटी. अशा धुक्याच्या एका घनमीटरमध्ये ०.१ ग्रॅम पाणी धरले, आणि एक चौरस किलोमीटरवर ५० मीटर जाडीचा थर धरला, तर त्यात एकूण ५,००० लिटर पाणी भरते. एक लहान टँकर! उन्हाळ्यात आमच्या गल्लीत येतो तेवढ्या पाण्याने संपूर्ण शिवार नाहीसे झाले होते.

१७ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम झाल्यामुळे आज मुद्दाम शहरात, सिद्धेश्वर तलावावर गेले. मंदिर दिसत होते पण राखेतून पाहावे तसे. दोन्ही तापमापकांत तीन अंशांचा फरक होता, म्हणजे हे धुके नव्हते. धूर आणि धूळ व्युत्क्रमाखाली अडकली होती. कॅमेऱ्यातही फरक दिसतो: धुक्यात काळी वस्तू पांढरट होते, आणि या धुरात सगळ्यावर तपकिरी छटा चढते.

तरी धूर आणि धुके यांचे नाते आहे. बाष्पाला थेंब होण्यासाठी बसायला कण लागतो, हे फ्रान्समध्ये कुलिए यांनी १८७५ मध्ये आणि त्यानंतर स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी दाखवून दिले. शहराच्या हवेत कण पुष्कळ, म्हणून तेवढेच पाणी अधिक आणि बारीक थेंबांत वाटले जाते, आणि धुके अधिक अपारदर्शक होते. परवा पाऊस पडला असता तर आज मंदिराचा कळसही दिसला नसता.

८ फेब्रुवारी

गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागल्या आहेत, पाणी तोडले आहे. दोन्ही तापमापकांत सात अंशांचा फरक. चारही वस्तू स्वच्छ.

एकूण ५८ पहाटे गेले. टाकी दिसेनाशी झाली अशा पहाटा ९, त्यांतल्या ७ अशा की मागच्या तीन दिवसांत पाऊस पडलेला होता किंवा खालच्या रानाला पाणी दिलेले होते. उरलेल्या दोनांचे कारण मला लावता आलेले नाही. त्या दोन्ही दिवशी तलाव काठोकाठ होता एवढेच वहीत आहे. पुढच्या मोसमात पाण्याची पातळी आणि पाण्याचे तापमान रोज लिहायचे.

आजोबांना गव्हावरच्या धुईचे चित्र मोठे छापून दिले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, बांधाच्या रेषेवर बोट ठेवले आणि पुढच्या साली ज्वारीलाही एक पाणी द्यायचे असल्याचे सांगितले. तसे झाले तर ही रेषा त्या जागी राहणार नाही. चौकट तीच ठेवायची आहे, त्यामुळे ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी दगड पुरून खूण केली.